काबरीचा पाय

आमच्या घरातल्या कोंबड्या शिट्टीवर उठायच्या. यात मला काही कौतुक वाटत नव्हतं, पण आमच्या सुभेदारांना भारी वाटायचं. सुभेदार म्हणजे माझे यजमान. पलटणीतून घरी येऊन त्यांना चौदा वर्षं झाली, तरी गाव अजून सुभेदारच म्हणतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं टळतं म्हणून मीही तेच म्हणते.

माधवनगर ओलांडून थोडं पुढं आमचं गाव. मी घरी शिलाईचं काम करते, आणि मशीन बंद असलं की कोंबड्यांमागे असते. आधी रात्रीच्या त्यांना डालग्याखाली झाकायची आणि वर पाटा ठेवायची. एकदा मुंगसानं डालगं उकरून दोन तलंगा, ऐन अंड्यावर आलेल्या, नेल्या. मी सकाळी रडत बसले, तर सुभेदार म्हणाले, "रडू नको. आता आसं खुराडं बांधतो, की मुंगसाचा बा आला तरी आत घुसणार न्हाई."

आणि बांधलं. गवंडीसुद्धा लावला नाही. विटांच्या भिंती, वर पत्रा, पुढं जाळीचं दार, दाराला दोन कड्या. खाली सिमेंटचा पक्का कोबा. कोंबड्यांना बसायला नळाचा लोखंडी पाइप, माझ्या छातीला लागेल इतक्या उंचीवर आडवा ठोकलेला. भिंतीला चुना आणि खाली वीतभर गेरूचा पट्टा. पलटणीत असाच असतो म्हणे. ते पूर्ण झालं त्या दिवशी गल्लीतले लोक घर बघायला यावेत तसे खुराडं बघायला आले. एक म्हातारा आत वाकून बघत म्हणाला, "सुभेदार, माझी सून भांडली की मी हितंच राहाय येतो."

मग त्यांचा रोजचा कार्यक्रम सुरू झाला. पहाटे साडेपाचला मोटार चालू करायची, नळी लावायची, आणि कोंबड्या पाइपवर बसलेल्या असतानाच खालचा कोबा लख्ख धुऊन काढायचा. कोबा धुतला की गळ्यातली शिट्टी एकदा जोरात वाजवायची. शिट्टी वाजली की अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा धपाधप खाली उड्या मारत आणि ओळीनं दाराबाहेर पडत. पहिले पंधरा दिवस सुभेदारांनी त्यांना शिट्टीनंतर ज्वारी टाकली होती, म्हणून त्या शिकल्या. पण ते हे कुणाला सांगायचे नाहीत. शिस्त म्हणायचे.

मी एकदाच म्हणाले होते. माझं माहेर म्हसवडच्या बाजूला, माणदेशात. तिथं आमच्या कोंबड्या अंगणातल्या बाभळीवर झोपायच्या आणि सकाळी मातीत उतरायच्या. म्हणून म्हणाले, "आवं, खाली जरा माती टाका की. कोंबडीला उकराय लागतं."

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमच्या माणदेशात पाणी न्हवतं धुवायला, म्हणून माती हुती."

माहेरावर घसरलेला माणूस मला खपत नाही. मी त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही, आणि मातीचा विषयही पुन्हा काढला नाही. तो काढला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी तोंड बंद ठेवलं ते शहाणपणानं नाही, रागानं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं सगळा दोष त्यांच्यावर येणार आहे.

आता काबरीबद्दल. करड्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणून काबरी. शेजारच्या चाचीनं मला तीन पिल्लं दिली होती, त्यातली ती. चाची बांगड्या भरते. यात्रा, लगीन, डोहाळजेवण, कुठंही तिची पेटी पोहोचलेली असते. तिच्याइतकी हलक्या हाताची बाई मी बघितली नाही. माझ्या जाड मनगटात ती काचेची बांगडी अशी चढवते, की एकही तडकत नाही. बाकीची दोन पिल्लं घारीनं नेली. काबरी राहिली आणि तिनं माझं खुराडं भरलं. आज आहेत त्यांतल्या आठ तिच्याच अंड्यांतून निघाल्या. ती खुडूक बसली की एकवीस दिवस जागची हलायची नाही. दुसरीची अंडी घातली तरी चालायचं. एकदा मी गंमत म्हणून पांढरा बटाटा ठेवला, तर तो तिनं चार दिवस उबवला. मला तिचा लळा होता. कोंबडीचा लळा म्हटलं की लोक हसतात, मी हसू देते.

चैत्रात आमच्या गावची यात्रा असते. यात्रेला दहा दिवस राहिले होते, आणि एका सकाळी शिट्टी वाजली, सगळ्या खाली पडल्या, आणि काबरी पाइपवरच राहिली. सुभेदारांनी दुसरी शिट्टी मारली. ती उतरली, पण उजवा पाय टेकेना. एक उडी मारायची आणि पाय पोटाशी घेऊन थांबायची.

"आवं, काबरी लंगडतीया," मी म्हणाले.

"बगितलं मी," ते म्हणाले. "आठ दिस झालं लंगडतीया. तू मशीनवर आसतीस."

आठ दिवस. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

"मग सांगायचं न्हाई?"

"काय सांगायचं? लंगडी ती लंगडीच. यात्रेला माझं तीन गडी येणार हायत, पलटणीतलं. तिखटाच्या दिवशी रश्श्याला हुईल."

आमच्याकडे यात्रेचा पहिला दिवस गोडाचा, पुरणपोळीचा. दुसरा तिखटाचा. म्हणजे काबरीला अकरा दिवस होते. मी म्हणाले, "तिला हात लावायचा न्हाई." ते म्हणाले, "अगं, ज्याला उभं राहाय येत न्हाई त्यो ओळीत कशाला? आमच्यात तर सरळ घरी धाडत्यात." आणि नळी गुंडाळायला लागले.

त्यांना तसंच घरी धाडलं होतं. गाडीतून उड्या मारून मारून त्यांचा डावा गुडघा गेला होता. शेवटची उडी खडकावर पडली. मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि अजून सहा वर्षं नोकरी बाकी असताना ते ट्रंक घेऊन सांगलीच्या स्टँडवर उतरले. त्यानंतर गुडघा हा शब्द आमच्या घरात निघाला नाही. डॉक्टर नाही, तेल नाही, काही नाही. रस्त्यानं जाताना ते कायम माझ्या चार पावलं पुढं, भरभर चालायचे. भरभर चाललं की लंगडणं दिसत नाही असं त्यांना वाटायचं. दिसायचं. मी मागून चौदा वर्षं बघत होते.

त्यामुळे त्या सकाळी मला त्यांचा जितका राग आला, तितकंच वाईटही वाटलं. पण राग जास्त. मी म्हणाले, "यात्रेपतूर ती चालली तर तुमी तिला हात लावायचा न्हाई. न्हाई चालली तर मी माझ्या हातानं मसाला वाटून दीन."

"कबूल," ते म्हणाले. त्यांनी हातसुद्धा पुढे केला. मी तो धरला नाही, माझ्या हाताला शेण होतं.

मग मी कारण शोधायला बसले. पहिला संशय धाग्यावर गेला. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात, म्हणून ज्याचा त्याचा रंग ठरलेला. माझ्या कोंबड्यांच्या पायात तांबडी चिंधी, चाचीच्या हिरवी, कोपऱ्यावरच्या दुकानदारीणीच्या पायात निळा दोरा. चिंधी पिल्लूपणी बांधलेली असली, तर पाय मोठा होतो आणि चिंधी आत रुतते. मी कात्री घेऊन काबरीला मांडीवर धरली. चिंधी सैल होती, खाली कातडी स्वच्छ. तरीही मी ती कापून टाकली आणि दिवसभर वाट बघितली. काही फरक पडला नाही.

तोवर गल्लीला कळलं. दुकानदारीण म्हणाली, दृष्ट लागली, मीठ-मोहरी ओवाळ. ओवाळली. एकानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, त्यातल्या कोंबडीचा एक पाय पुढं आणि एक मागं ताणलेला होता. हा लकवा, सगळ्या मरतील, आत्ताच विकून टाका, असं त्यात एक माणूस ओरडून सांगत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी काबरीला अंगणात सोडून नुसती बघत बसले. मशीनवर ब्लाउज तसेच पडून. तिचे पाय ताणले जात नव्हते. तुरा लालभडक. ज्वारी टाकली तर तिनं कोंबड्यालासुद्धा हुसकावलं. डावा पाय ठणठणीत होता. उजवा ती मातीवर थोडा टेकत होती, पण फरशीवर आली की झटकन वर घेत होती. लकवा झालेल्याला माती आणि फरशी कळत नाही, एवढं मला समजलं. म्हणजे दुखणं खाली होतं, टेकतो तिथं.

पण मी तळवा बघितला, तर मला तिथं नुसती घाण दिसली. शेवटी चाचीला हाक मारली. ती बांगड्यांची पेटी तशीच उंबऱ्यावर ठेवून आली, ओसरीवर मांडी घालून बसली आणि काबरीला उलटी करून पदराखाली तिचं डोकं झाकलं. अंधार झाला की कोंबडी गप्प होते. मग चाचीनं दोन्ही पाय दोन हातांत घेतले, जशी दोन मनगटं घेते तसे, आणि डोळे मिटले.

"हा गार हाय," ती म्हणाली. "आन् ह्यो गरम हाय. बग तू."

मी हात लावला. खरंच, उजव्या पायाचा तळवा कढत होता.

"पानी आन," चाची म्हणाली.

कोमट पाण्यानं पाय धुतला, तेव्हा बोटांच्या मधोमध, तळव्याच्या गादीवर, मुगाएवढा काळा कडक डाग दिसला. भोवती तळवा फुगलेला. दाबल्यावर काबरीनं चाचीच्या पोटात अशी लाथ घातली, की चाची म्हणाली, "ताकद लय हाय गं तुझ्या लंगडीत."

काटा असेल असं आम्हा दोघींना वाटलं. सांगलीच्या बाजूच्या बायकांना जखम दिसली की पुढचं ठरलेलं. मी मूठभर हळद तेलात कालवली आणि पायाला थापून चिंधी बांधली. तासाभरात काबरीनं चिंधी सोडली आणि हळदीचा पाय घेऊन घरभर फिरली. ओसरी पिवळी, उंबरा पिवळा, मशीनवर पडलेला एका नवरीचा पांढरा परकर पिवळा. सुभेदार बाहेरून आले, सगळं बघितलं आणि म्हणाले, "हळद लागली म्हंजे आता लगीन कवा?"

दोन दिवस हळद लावली, तरी गरमी उतरेना. डाग तसाच. यात्रेला सहा दिवस उरले होते. मी सकाळी डबा भरून सुभेदारांसमोर ठेवला आणि म्हणाले, "सांगलीला प्राण्यांचा दवाखाना हाय. गाडी काढा."

"कोंबडीला दवाखान्यात?"

"तुमी न्हाई आला तर मी वडापच्या जीपनं जाती. मग गाव म्हणंल, सुभेदारांची बायको कोंबडी घिऊन एकटीच गेली."

गाव काय म्हणेल याला सुभेदार घाबरतात. गाडी निघाली. मी मागे बसले, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून काबरीची मान बाहेर. माधवनगर गेलं, रेल्वेचा पूल गेला, आणि वारा लागल्यावर काबरी खूश झाली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा गल्लीबाहेर पाऊल टाकलं होतं, तेही न टाकता. सांगलीत सिग्नलला थांबलो, तर शेजारच्या रिक्षावाल्यानं वाकून बघितलं.

"मामा, कोंबडी कुठं चालवली? सिनेमाला?"

सुभेदार समोर बघत म्हणाले, "दवाखान्यात."

"मग आमच्याकडं द्या की. आमी एका दिसात बरी करतो."

सुभेदारांनी मान वळवून त्याच्याकडे असं बघितलं, की सिग्नल सुटायच्या आत रिक्षावाला गप्प झाला. मला मागे बसून बरं वाटलं. तिला रश्श्यात घालणारा माणूस दुसऱ्या कुणाला घालू देत नव्हता.

दवाखान्यात कुत्री, मांजरं आणि एक शेळी. आमचा नंबर आला. डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या. त्यांनी आधी काबरीला जमिनीवर सोडून चालायला लावलं. मग टेबलावर घेऊन मांडीपासून खाली एकेक सांधा दाबून बघितला, बोटं ताणून बघितली. "हाड मोडलेलं नाही, लकवा नाही," त्या म्हणाल्या. "तळव्याला आतून गळू झालंय. हा काळा डाग म्हणजे त्याचं झाकण. वरून कितीही हळद लावली तरी आत जाणार नाही."

"काटा रुतला आसंल," मी म्हणाले.

"असू शकतं. पण बहुतेक वेळा कारण घरातच असतं. ही झोपते कुठं?"

मी तोंड उघडलं, पण सुभेदार माझ्या आधी बोलले. खुराड्याबद्दल विचारलं की त्यांना थांबवत नाही. छाती पुढं काढून त्यांनी सांगायला सुरुवात केली. "पक्कं बांधकाम हाय मॅडम. खाली सिमेंटचा कोबा, घाण ऱ्हायचा प्रश्न न्हाई. बसाय लोखंडी पाइप, हितक्या उंचीवर." त्यांनी स्वतःच्या छातीला हात लावून दाखवला. "रोज पहाटं मी सोता कोबा पाण्यानं धुतो. मग शिट्टी मारली, की सगळ्या एकदम खाली उडी..."

आणि ते थांबले.

डॉक्टरीणबाई काबरीचा पाय कोमट मिठाच्या पाण्यात धरून उभ्या होत्या. सुभेदारांचा हात अजून छातीवरच होता. मग तो सावकाश खाली आला.

"वल्या कोब्यावर," ते म्हणाले. "रोज."

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाइप बारीक, म्हणून रात्रभर सगळं वजन तळव्याच्या एकाच जागी. सकाळी उंचावरून कडक जमिनीवर. आणि जमीन कायम ओली, त्यामुळे कातडी मऊ होऊन फाटते. मग घाण आत जाते. बाकीच्यांचे पायपण बघा."

भिजून डाग मऊ झाल्यावर त्यांनी तो काढला, आणि आतून घट्ट पिवळा खडा निघाला, हरभऱ्याएवढा. काबरी एकदाच ओरडली. तिचं डोकं सुभेदारांच्या तळहाताखाली झाकलेलं होतं. ते कधी पुढे झाले ते मला दिसलंच नाही. जखम धुऊन, तांबडं औषध भरून, बोटांच्या मधून पट्टी गुंडाळली. पाच दिवस औषधाचे थेंब, दिवसाआड मिठाच्या पाण्यात पाय आणि नवी पट्टी. पट्टी बदलली की आपले हात साबणानं धुवायचे, आणि त्या सांगतील तोवर तिची अंडी खायची नाहीत. तिला वेगळी, कोरड्या मऊ जागेवर ठेवायची.

मी खरं सांगते. परत येताना माझ्या ओठांवर एकच वाक्य होतं. माती टाका म्हणून कोण म्हणालं होतं? माझ्या माणदेशाचा असा विजय पुन्हा होणार नव्हता. माधवनगरला सुभेदारांनी चहाला गाडी थांबवली. मी वाक्य तोंडात धरून बाकड्यावर बसले. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली, स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि चहा गार होऊ दिला.

"खाली कडक आसलं," ते म्हणाले, "तर उडीचा दणका कुठं लागतो ते मला म्हाईत हाय. मला म्हाईत हाय, आन् मीच शिट्टी मारत हुतो."

मी वाक्य गिळून टाकलं, चहाबरोबर. चहा गोड होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी वाजली नाही. मला जाग आली ती घणाच्या आवाजानं. सुभेदार कोबा फोडत होते. कोंबड्या अंगणात ओळीनं उभ्या राहून बघत होत्या. मी म्हणाले, "आवं, नुसती वर माती टाकली तरी चाललं आसतं की." ते म्हणाले, "न्हाई. खालनं काढायचा." दुपारपर्यंत त्यांनी सगळा कोबा काढून माती भरली आणि वर शेंगांची टरफलं आणि वखारीतला लाकडाचा भुसा घातला. पाइप उपटला. त्याजागी माडीवर पडलेल्या जुन्या बाजेचा रुंद लाकडी दांडा, कडा घासून गोल केलेला, गुडघ्याच्याही खाली. शेवटी म्हणाले, "आता ह्यास्नी उडी माराय लागणार न्हाई. नुसतं उतरायचं."

मग त्यांनी उपडी बादली मांडली, तिच्यावर बसले आणि मला एकेक कोंबडी आणून द्यायला सांगितलं. पलटणीत लांब चालून आल्यावर पायांची तपासणी व्हायची म्हणे, अधिकारी प्रत्येकाचे तळवे बघायचा. आता अधिकारी हेच. बाराही जणांचे तळवे चष्मा लावून बघितले. तिघींच्या तळव्यावर बारीक लाली निघाली. त्यांना औषध लावलं. कोंबड्यानं आधी तपासणीला नकार दिला आणि अधिकाऱ्याच्या हनुवटीला चोच मारली.

काबरीची पट्टी हा वेगळाच ताप होता. ती भुशात उकरायची आणि दर दोन तासांनी पट्टी सोडायची. चाची म्हणाली, "हिला बूट शिव तू, शिलाईवाली हाईस की." मला ते पटलं. जाड पण मऊ कापड हवं होतं. मी चिंध्यांचं गाठोडं उलटं करत असताना सुभेदार आतून आले आणि माझ्यासमोर एक जुनी पँट टाकली. त्यांच्या ट्रंकेतली, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची. तिचा डावा गुडघा फाटलेला होता. ही पँट त्यांनी चौदा वर्षं मला धुवायलासुद्धा दिली नव्हती.

"ह्यातनं काप," ते म्हणाले.

मी गुडघ्याच्या खालचं कापड कापलं. गोल तळ, वर नाडी, पुढच्या तीन बोटांना तीन भोकं आणि मागच्या बोटाला एक. चाचीनं पाय हातात धरून बांगडी भरावी तसा बूट चढवला. काबरी आधी दगडासारखी उभी राहिली. मग एक पाऊल टाकलं, पाय वर धरून झटकला, पुन्हा टाकलं. संध्याकाळपर्यंत ती पलटणीच्या कापडाचा बूट घालून गल्लीतून हिंडत होती आणि शाळा सुटलेली सगळी पोरं तिच्यामागं. दुकानदारीण म्हणाली, "आता दुसऱ्या पायाला पण शीव, न्हाईतर दृष्ट लागंल."

दिवसाआड संध्याकाळी पाय भिजवायचं काम सुभेदारांनी स्वतःकडे घेतलं. बादलीवर बसून, काबरीला काखेत धरून, दहा मिनिटं घड्याळ बघत. चौथ्या दिवशी पट्टी काढली, तर तळव्यावर नवी गुलाबी कातडी धरली होती. हात लावला, गार होता. मला इतका आनंद झाला, की मी चाचीला भिंतीवरून हाक मारून बोलावलं, आणि आम्ही तिघं एका कोंबडीचा तळवा बघत बसलो.

त्याच संध्याकाळी मी पाणी तापवलेलं पातेलं आत न्यायला गेले, तर जागेवर नव्हतं. सुभेदार मागच्या पायरीवर बसले होते, पँट मांडीपर्यंत वर केलेली, आणि उरलेल्या गरम पाण्यात टॉवेल बुडवून डाव्या गुडघ्यावर धरलेला. मला बघून ते दचकले नाहीत.

"उरलं हुतं," ते म्हणाले. "वाया कशाला घालवायचं."

मी आत जाऊन आणखी पाणी तापत ठेवलं.

तिखटाचा दिवस उजाडला. त्यांचे तीन सोबती आले, मोठ्या आवाजाचे, मोठ्या मिशांचे, एकजण तर साताऱ्याच्या पलीकडून. खुराडं दाखवायला नेलं तर एक म्हणाला, "कोबा कुठाय रं? तू तर फोनवर लय सांगत हुतास." सुभेदार म्हणाले, "काढला. माझी चूक हुती." इतक्या सरळ म्हणाले, की मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तेवढ्यात काबरी आली. बूट आदल्या दिवशीच काढला होता. उजवा पाय अजून जरा जपून टाकत होती, पण टाकत होती. त्याच सोबत्यानं तिला बघितलं.

"लंगडी कशाला ठेवलीस गड्या? रश्श्याला झाली आसती की."

माझ्या हातात मसाल्याची वाटी होती. मी जागच्या जागी उभी राहिले.

"ती लंगडी न्हाई," सुभेदार म्हणाले. "लाइट ड्यूटीवर हाय."

तिघंही हसले, आणि त्यातला सगळ्यात मोठ्या मिशीचा गडी हसता हसता डोळे पुसायला लागला. मटण बाजारातून आणलं होतं. रस्सा असा झाला, की तिघांनी तीनदा मागितला, आणि काबरीला भाकरीचा चुरा मिळाला.

संध्याकाळी पालखीला आम्ही दोघं निघालो. हलगी वाजत होती, रस्त्यावर गुलाल. सुभेदार नेहमीसारखे चार पावलं पुढं, भरभर. मी मागून त्यांचा डावा पाय बघत चालले होते. वेशीपाशी ते थांबले. मला वाटलं, चप्पल तुटली. मी जवळ गेले, तर त्यांनी माझा हात धरला. भर रस्त्यात, गावासमोर.

"अगं, जरा सावकाश चल," ते म्हणाले. "माझा गुडघा दुखतोय."

चौदा वर्षांनी. मी डोळे पुसले. गुलाल गेला असं कुणालाही सांगता आलं असतं, पण कुणी विचारलं नाही.

"मग उद्या सांगलीला जाऊ," मी म्हणाले. "माणसांच्या दवाखान्यात."

"जाऊ," ते म्हणाले. "फकस्त मला पिशवीत घालून न्हेऊ नको."